एकाच हाताची त्रेचाळीस कार्डं

बेचाळीस कार्डं शिवानीने पहिल्या कार्डाच्या पोटात घातली, कॉम्प्युटरने हिरवी टिकली दाखवून 'झालं' म्हटलं, आणि चहाचा कप उचलता उचलता तिची नजर गठ्ठ्यातल्या सगळ्यात वरच्या कार्डावर पडली. शिरोरेघ पट्टीने मारलेली होती. आधी अक्षरं सुटी सुटी लिहिलेली, आणि ओळ संपल्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच सरळ रेघ, दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेवरूनही गेलेली, त्यामुळे एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला ते कळायला मार्ग नाही. जगात असं लिहिणारी एकच बाई शिवानीला ठाऊक होती. तिने कप खाली ठेवला. दुसरं कार्ड उचललं, तिसरं उचललं, मग सगळा गठ्ठाच भराभरा चाळला. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस कार्डांवर तिच्या आईचं अक्षर होतं.

काम म्हणाल तर साधं होतं. हैदराबाद आणि भोवतालचे जिल्हे मिळून दोन हजार पन्नास सालापर्यंत माणसांनी कशातून जायचं-यायचं, याचा मोठा आराखडा कुठेतरी वर ठरत होता, आणि तो ठरवण्याआधी आम्ही लोकांना विचारलं होतं, असं म्हणता यावं म्हणून वॉर्डावॉर्डांत पेट्या ठेवल्या होत्या. पेटीवर आभाळातून धावणाऱ्या गाडीचं चित्र. शेजारी कोरी कार्डं, आणि कार्डावर इंग्रजी, तेलुगू आणि उर्दूत एकच प्रश्न : २०५० साली तुमचं शहर कसं असावं? भरलेली कार्डं काचीगुड्यातल्या या दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात यायची आणि पाचजणी ती वाचून प्रत्येकाला आकडा द्यायच्या. मेट्रोला एक, उड्डाणपुलाला दोन, पार्किंगला तीन, बसला सात, आणि ज्याचं काय करावं ते कुणालाच कळत नाही त्याला नऊ. एखाद्या मागणीला पंचवीस माणसं मिळाली की ती अहवालात चढून कमिटीपुढे जायची. पंचविसाच्या खालचं सगळं शेवटच्या पानावर, 'इतर' या एका शब्दात. मराठी कार्डं क्वचितच यायची आणि ती शिवानीकडे, कारण ऑफिसात मराठी बोलणारे तिघे असले तरी वाचणारी ती एकटी, तीही एकेक अक्षर लावत. म्हणून तर आज तिने ती वाचलीच नव्हती. गठ्ठ्यात एकाच हाताचं अक्षर दिसलं, खाली सगळ्यांवर एकच मोबाइल नंबर दिसला, आणि नियमाप्रमाणे तिने त्रेचाळिसांचं एक करून टाकलं. नंबरसुद्धा तिने ओळखला नव्हता. आईचा नंबर कुणाला पाठ असतो आजकाल? फोनमध्ये 'माय' असं नाव होतं, त्यावर बोट ठेवलं की आई बोलायची.

आणि नियम तरी कुणाचा? तिचाच. मागच्या महिन्यात शहराबाहेरच्या एका बंद फाटकाच्या कॉलनीकडून तीनशे कार्डं आली, सगळी एका छापाची, आमच्या गेटपाशी उड्डाणपूल द्या म्हणून. तेव्हा तिनेच हात वर करून म्हटलं होतं, सर, एक अक्षर तर एक माणूस धरा, नाहीतर ज्याच्याकडे छापखाना त्याचंच शहर होईल. ऑफिसप्रमुख युवराज सरांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली होती. त्या दिवशी घरी जाताना ती मेट्रोत उप्पलपर्यंत उभी होती, पण पाय दुखले नव्हते. आपण काहीतरी न्यायाचं केलं असं तिला वाटलं होतं. त्या कॉलनीचं काय बिघडलं? काही नाही. त्यांच्या सेक्रेटरीने आठ दिवसांत वेबसाइटवरून तीनशे बारा फॉर्म पाठवले, एकेका ईमेलचा एकेक, आणि ते तीनशे बाराच्या तीनशे बारा मोजले गेले. कॉम्प्युटरवर कुणाला अक्षर नसतं. एका खुर्चीत बसून एकाच माणसाने ते भरले असतील, मध्ये चहा पीत, पाय हलवत. त्याला कोण विचारतंय!

तिने कार्डं वाचायला घेतली. जेवणाची सुट्टी गेली तरी ती वाचत होती. बोट ओळीखाली धरून, आईच्या रेघेखाली लटकलेली अक्षरं सोडवत. 'माझे नाव भामा. २०५० साली मी ऐंशीच्या वर असेन. आत्ता मी अफझलगंजच्या दवाखान्यात आया आहे. सकाळी सहाला हजेरी. बरकतपुऱ्याच्या मागून जाणारी बस बंद झाली म्हणून साडेचारला निघते. अंधारात कुत्री मागे लागतात. २०५० साली बस असावी. सकाळी पाचला.' दुसरं : 'माझे नाव त्रिवेणी. मी दुकानं झाडते. २०५० साली बसमध्ये दोन मिनिटं बसायला मिळावं. दिवसभर मी कुठंच बसत नाही.' तिसरं कुणा रंजनाचं : 'बस बायकांना फुकट केली त्याचा आनंद झाला होता. फुकट असलेली बस आता दिसत नाही. २०५० साली दिसावी.' प्रत्येक कार्डात २०५० होतंच. आईने प्रश्न नीट वाचला होता म्हणायचा, कुणाकडून तरी वाचून घेतला होता, आणि जे विचारलंय त्याचंच उत्तर द्यायचं हे तिने त्या सगळ्या बायकांना बजावलं असणार. साक्षरतेच्या परीक्षेत ती अशीच लिहायची, प्रश्न पुन्हा उतरवून मग उत्तर. त्रेचाळीस बायका पंचवीस वर्षांपलीकडच्या शहराबद्दल बोलत होत्या आणि त्यातल्या प्रत्येकीला त्या शहरात उद्या सकाळी कामावर कसं पोचायचं एवढंच हवं होतं. शिवानीच्या डोक्यात तिडीक उठली. कुणावर, ते तिला धड सांगता आलं नसतं. त्या प्रश्नावर, आभाळातल्या गाडीवर, स्वतःवर, आणि हो, आईवरसुद्धा. एक तरी कार्ड दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्यायचं होतंस ना गं माये! भाऊ रवी घरात आहे, त्याची पोरं आहेत, शाळेत जातात. पण रवीला मराठी लिहिता येत नाही आणि पोरांना तर वाचताही नाही, हे तिला लगेच आठवलं. आणि आपल्याला? आपण आईकडे गेल्याला सहा आठवडे झाले, हेही आठवलं.

आई म्हणजे सखूबाई. त्या चाळिशीला आल्यावर लिहायला शिकल्या. बुद्धविहाराच्या मागच्या खोलीत संध्याकाळी सात ते आठ साक्षरतेचा वर्ग भरायचा, मराठवाड्यातून आलेल्या बायांचा, आणि दहा वर्षांच्या शिवानीला आई सोबत न्यायची. सगळ्या बायांच्या मध्ये ती एकटी फ्रॉकवाली. गुरुजी पाटीवर अक्षर काढायचे आणि म्हणायचे, आधी अक्षर उभं राहू द्या, मग त्याच्या डोक्यावर छप्पर घाला. सखूबाईंनी ते असं मनावर घेतलं की पुढे तीस वर्षं त्या छप्पर पट्टीनेच घालत राहिल्या. शिवानीला त्याची लाज वाटायची. तिच्या इंग्रजी शाळेतल्या प्रगतिपुस्तकावर आईने पट्टी घेऊन सही केली तेव्हा वर्गात बाई हसल्या होत्या, आणि त्यानंतर प्रत्येक वेळी तिने पुस्तक गुपचूप बापापुढे धरलं. किशनराव रेल्वेत होते, त्यांची इंग्रजी सही झोकदार होती. आईने कधी विचारलं नाही, माझ्याकडे का आणत नाहीस म्हणून. मराठी वाचायला मात्र तिनेच शिकवलं, दर रविवारी, वर्तमानपत्राचा तुकडा पुढे टाकून, आणि शिवानी तोंड वाकडं करून वाचायची कारण मैत्रिणी खाली खेळत असायच्या. त्या शिकवण्यावर आज ऑफिसात तिला 'मराठी वाचणारी मॅडम' म्हणत होते. आईला काय सांगितलं होतं तिने आपल्या नोकरीबद्दल? कॉम्प्युटरचं काम. बस्स. लोकांनी काय लिहिलंय ते मी वाचते, असं एकदा जरी म्हटलं असतं, तर आईने आधी फोन करून विचारलं असतं, शिवे, कसं लिहू?

सव्वातीनला ती युवराज सरांच्या काचेच्या खोलीत गेली. पाचला सगळी मोजणी वर पाठवायची होती, म्हणून ते दोन फोनवर एकदम बोलत होते. त्यांचे आजोबा बिदरकडचे, ज्वारी पिकवायचे. हे स्वतः तेलुगूत विचार करायचे आणि मराठी फक्त शिवानीशी बोलायचे.

"सर, एक मिसळलेला गठ्ठा परत सुटा करायचाय. त्रेचाळीस कार्डं आहेत."

"अरे मॅडम, आता? कामून?"

"वेगवेगळ्या बायका आहेत. लिहिणारी एक आहे. बाकीच्यांना लिहिता येत नाही."

त्यांनी कार्डं हातात घेतली, वरखाली केली. "मला मराठी वाचायला नक्को सांगू. पण अक्षर तर सेम आहे ना? नंबर पण सेम. तुमचाच रूल आहे."

"नियम छापलेल्या कार्डांसाठी होता."

"असं कुठे लिहिलंय?"

लिहिलं नव्हतं. "सर, त्या कॉलनीचे तीनशे बारा धरलेच की आपण. एकट्या सेक्रेटरीने भरलेत, तुम्हालाही माहीत आहे."

"माहीत असून काय करू? ईमेल तीनशे बारा आहेत. उद्या कुणी चेक केलं तर मी तीनशे बारा ईमेल दाखवीन. याच्यात काय दाखवू?"

"म्हणजे ज्याला ईमेल आहे तो माणूस!"

"आवाज नक्को वाढवू मॅडम." ते रागावले नव्हते, थकले होते. "कोण आहे ही लिहिणारी? विश्वासाची आहे का?"

"माझी आई आहे."

युवराज सरांनी दोन्ही फोन खाली ठेवले. "हे तुम्ही मला सांगितलंच नाही असं समजा. आईचा गठ्ठा पोरीने सोडवला म्हणतील, तर जे एक आहे ना, तेही जाईल." मग कार्डं नीट रचत ते हळू म्हणाले, "पंचवीस जणींशी माझं फोनवर बोलणं करून द्या. प्रत्येकीने स्वतः नाव सांगायचं, काय पाहिजे ते सांगायचं. माझ्या सहीने उघडून देतो. पण पाचच्या आत. पाच म्हणजे पाच."

माणूस वाईट नव्हता, आणि तिला त्याचाच जास्त राग आला. वाईट असता तर भांडून मोकळी झाली असती. जिन्यात येऊन तिने 'माय'वर बोट ठेवलं.

"शिवे? येवढ्या दुपारची? बरं हाय ना तुला?"

"माय, तू पेटीत कार्डं टाकलीस ना? बसची?"

"हौ. तुला कुणी सांगितलं? त्रेचाळीस टाकली. मोजून टाकली. दोन दिवस बसून लिहिली, बोटं धरली माझी. पोचली का ती?"

"पोचली. माझ्याच ऑफिसात आली."

पलीकडे सखूबाई हसल्या, अगदी मोकळ्या. "तुझ्या हापिसात? अगं बया! मग काळजीच मिटली. मी भामाला म्हणत व्हते, कोण वाचतंय मराठी तिथं. तूच वाचलीस व्हय?"

शिवानीला त्या हसण्याचा तडाखा बसला. ती पायरीवर बसली आणि सगळं एका दमात सांगून टाकलं, अक्षर, नंबर, नियम. नियम आपला आहे हेसुद्धा. सगळं ऐकून घेतल्यावर आई बोलली.

"थांब. म्हणजे कसं? त्या बायांना लिहिता येत नाही म्हणून मी लिहिलं. आणि मी लिहिलं म्हणून त्या बायाच नाहीत?"

"तसं नाही गं, माय..."

"तसंच हाय. तू अक्षर वळखलंस ना माझं?"

"ओळखलं."

"मग आणखी काय पुरावा पाहिजे तुझ्या सरकारला? पोरगी मायचं अक्षर वळखती."

ओळखलं तेव्हा मिसळून झालं होतं, आणि ओळखलं नसतं तर आता चहा पिऊन पुढच्या गठ्ठ्याला हात घातला असता. तिने एवढंच विचारलं, त्या बायकांशी आत्ता बोलता येईल का, पंचवीस तरी, पाचच्या आत.

"पाचच्या आत?" सखूबाईंचा आवाज चढला. आयुष्यभर त्या लेकीवर ओरडल्या नव्हत्या. "अगं, चारला सुटतात त्या, दवाखान्याच्या फाटकाशी जमतात. बस व्हती तवा साडेचारला घरात असायच्या, चूल पेटवून बसायच्या. आता कोठीच्या बाजारावरून चालत येतात सगळ्या मिळून, पाय वढत. साडेपाच वाजतात, कधी सहा. फोन घरी पोरांच्या हातात असतात. बस नाही म्हणून पाचला पोचत नाहीत, आणि पाचला पोचत नाहीत म्हणून बस नाही! कोण बसवतं गं हे तुमचे नियम? त्याला एकदा आमच्यासंगं चालव म्हणावं."

"मी जाते, माय. मीच जाते तिकडे. दवाखान्याच्या फाटकावर गाठते, माझ्या फोनवरून बोलायला लावते."

"जा मग जल्दी. बोलत कामून बसलीस?"

ती निघाली. पर्स घेतली, कार्डांचा गठ्ठा ओढणीत गुंडाळून छातीशी धरला, ऑफिसातून कागद बाहेर न्यायचे नसतात हे माहीत असून. खाली उतरली आणि तरातरा चालायला लागली. ऊन मी म्हणत होतं. मिठाईच्या दुकानापुढे दोन स्कूटरवाले भांडत होते, त्यांच्यामधून ती निघाली. डोक्यात वाक्यं उसळत होती, सरांना सुनावायची, कमिटीला सुनावायची, त्या कॉलनीच्या सेक्रेटरीला तर कॉलर धरून. तुमचा पूल होईल हो, नक्की होईल, पंचवीस वर्षांत काय काय होईल, आभाळातून गाड्या जातील. आणि खाली भामाबाई पहाटे साडेचारला हातात दगड घेऊन चालत असतील, नाही, तोवर नसतीलच त्या, आणि हेच तर सोयीचं आहे तुम्हाला. पन्नास सालचं विचारायचं म्हणजे आज कुणाला काही द्यावं लागत नाही. विचारलं याची नोंद झाली, फोटो निघाला, जेवणाची पाकिटं वाटली. आणि मी? मी आकडे दिले. सात, सात, नऊ, सात. दर महिन्याला पगार घेऊन. आईला नियम समजावून सांगताना माझा आवाज किती शांत होता! सहकाऱ्याला सांगावं तसं सांगितलं मी तिला. तिने सांगितलं नसतं तर मला त्या बायका चालत येतात हे कळलं तरी असतं का? कार्डांतच लिहिलं होतं, पण वाचताना मी आईचं अक्षर वाचत होते, आईला आठवत होते, माझी लाज, माझं लहानपण. माझंच सगळं.

स्टेशनमागच्या थांब्यावर येऊन ती बाकावर बसली आणि धाप जाऊ दिली. शाळेत असताना इथूनच ती आईबरोबर अफझलगंजला जायची, वह्या घ्यायला, आणि आई तिला खिडकीशी बसवून स्वतः दांडा धरून उभी राहायची. पावणेचार झाले होते. पोचायला वीस मिनिटं, बायका फाटकातून निघत असतील तेवढ्यात गाठता येईल, मग एकेकीला फोनवर उभी करायचं. आधी भामाबाई, त्या धीट वाटतात. एकीला एक मिनिट धरलं तरी पंचवीस मिनिटं. होतं. आरामात होतं. तिने ओढणी सोडून कार्डं मांडीवर घेतली, नावांचा क्रम लावला, पंचवीस वेगळी काढली, आणि पुन्हा रस्त्याकडे पाहिलं. मोटारी गेल्या, ऑटो गेले, शाळेची पिवळी गाडी गेली. तिने घड्याळ पाहिलं, मग रस्ता, मग पुन्हा घड्याळ. थांब्याला टेकून पेरू विकणारे एक म्हातारे चाचा मघापासून तिच्याकडे बघत होते.

"किसका रास्ता देख रहे अम्मा?"

"अफझलगंज की बस का. कितने बजे आती?"

चाचांनी चाकू पुसला. "वो बस? वो तो कब की बंद हो गई. दो साल हो रहे. इधर अब कुछ नहीं आता, लोगाँ बस छाँव के वास्ते बैठते."

चार वाजून पाच मिनिटं झाली होती. शिवानी बाकावर तशीच बसून राहिली. वीस मिनिटं ती मांडीवर त्रेचाळीस कार्डं घेऊन त्या कार्डांतल्याच बंद बसची वाट पाहत होती. तिला लाज वाटली, अशी की कानशिलं तापली, भर रस्त्यात, त्या अनोळखी म्हाताऱ्यासमोर. एक ऑटो हळू झाला, तिने हात वर केला आणि लगेच खाली घेतला. आता त्या फाटकातून निघाल्या असणार. गल्ल्यागल्ल्यांतून, सावली बघून चालत असणार. ऑटोत बसलं तर त्या चुकतील. त्यांना गाठायचं तर पायीच जायला हवं होतं, समोरून, एकेका बाईचा चेहरा बघत, आणि त्यांतल्या एकीचाही चेहरा तिला ठाऊक नव्हता.

"चल के जाने को कितना वक्त लगता, चाचा?"

"आप को? पौन घंटा. उन औरताँ को पूछो, वो रोज चलते."

तिने कार्डं पुन्हा ओढणीत बांधली आणि कोठीच्या दिशेने चालायला लागली. फोन हातात वाजला. 'माय' असं नाव दिसत होतं. कुठवर पोचलीस, हेच आई विचारणार होती, आणि शिवानीने चालता चालता तो उचलला.